आतल्या खोलीचं पाणी

१

एसीतून पाणी गळतंय असा फोन आला की मी झोपेतसुद्धा उत्तर देऊ शकतो. कॉइलच्या खाली एक ट्रे असतो, त्यात पाणी साठतं, तिथून बारीक पाइपने ते बाहेर जातं. पाइपात धूळ अडकली की पाणी मागे फिरतं आणि नेमकं गिऱ्हाइकाच्या उशीवर टपकतं. पाइप फुंकायचा, ट्रे धुवायचा, समोर आलेला चहा प्यायचा आणि निघायचं. यात डोकं लावण्यासारखं काही नाही.

फक्त असे फोन उन्हाळ्यात येत नाहीत. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. दोरीवर शेवटचा कपडा घालेपर्यंत पहिला वाळून पापडासारखा कडक होतो. लाकडी दारं आकसून कुरकुरतात. हवेत ओलावाच नाही, तर एसी पाणी काढणार कुठून? दिवसभर चालवला तरी बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी चार थेंब लटकलेले दिसतात, तेही मनात नसल्यासारखे. त्यामुळे त्या बाईंचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं खरं. पण भर उन्हाळ्यात नवल वाटून घ्यायला आम्हाला फुरसत नसते.

माझ्याबरोबर माझा मेहुणा असतो. त्याला सगळे बारक्या म्हणतात. जन्मला तेव्हा म्हणे ओंजळीत मावत होता. आता कुणाच्याही दारातून वाकूनच आत येतो, डोक्याचे केस विरळ झालेत, पण नाव काही सुटलं नाही. तोंडाला त्याच्या कुलूप नाही. शिडीवर बोलतो, तोंडात स्क्रू धरून बोलतो, आणि ऐकायला कुणी नसलं तर एसीशी बोलतो.

घर वरच्या मजल्यावर होतं. बाहेरची मोठी खोली म्हणजे अर्धं दुकानच. खिडकीशी शिलाई मशीन, जमिनीवर निळ्या कापडाचे ढीग, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. बाई शाळेचे गणवेश शिवायच्या. गळ्यात मापाची पट्टी, केसांत टाचणी, बोलताना हात थांबत नाहीत. आम्ही त्यांना ताई म्हणायला लागलो ते पहिल्याच दिवसापासून.

"आतली खोली बाबांसाठी तयार करतेय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून सोडणार आहेत त्यांना. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, यांना उकाडा सोसणार नाही. आणि हा मेला बघा, बाबा यायच्या आधीच गादी भिजवून बसलाय."

आतली खोली साधी. एक पलंग, एक कपाट, बाल्कनीकडे सरकतं काचेचं दार. पलंगाच्या वर एसी. बारक्याने स्टूल लावलं, झाकण उघडलं, ट्रेला हात लावला आणि चक्क गप्प झाला.

"काय रे?"

"दाजी, पाणी बघा जरा."

मी बोट बुडवलं. बर्फासारख्या गार कॉइलवरून उतरलेलं पाणी गार असतं. हे कोमट होतं. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.

२

तुंबलेलं काहीच नव्हतं. पाइप स्वच्छ होता. पाणीच एवढं येत होतं की त्या पाइपाला ते झेपत नव्हतं. मी मोठा पाइप टाकून दिला, बाल्कनीत त्याच्या तोंडाखाली ताईंनी बादली ठेवली, आणि आम्ही पुढच्या कामाला गेलो.

दोन-चार दिवसांत पुन्हा फोन. बाबा यायच्या आधी नीट चालतो का बघायला ताई एसी दिवसभर चालू ठेवत होत्या, आणि बादली पुरत नव्हती.

"मी काही पाणी वाया घालवत नाही हो," ताई म्हणाल्या. "इस्त्रीत हेच घालते. एसीचं पाणी इस्त्रीला चांगलं, खार धरत नाही, असं तुमच्यासारख्याच कुणीतरी सांगितलं होतं. पण कपड्यांना वास येतोय."

त्यांनी नुकतीच इस्त्री केलेली एक निळी चड्डी माझ्यापुढे धरली. मी वास घेतला. कुबट नव्हता, शेवाळाचाही नव्हता. लांबच्या प्रवासात रात्रभर बंद असलेल्या डब्यात पहाटे जाग येते ना, सगळे तोंड उघडं टाकून झोपलेले असतात, तो वास. माणसांचा.

मी चड्डी परत दिली आणि म्हणालो, "कापडाची खळ असेल."

आता एक गोष्ट मला माहीत आहे, कारण ती माझ्या पोटापाण्याची आहे. एसी पाणी तयार करत नाही. खोलीच्या हवेत जे असतं तेच तो पिळून बाहेर काढतो. पावसाळ्यात ते बाहेरून येतं. बाकी दिवसांत ते येतं आपल्याकडून. माणूस श्वास सोडतो, माणसाला घाम येतो, ते सगळं हवेत जातं आणि कॉइलवर जमतं. लोकांना हे सांगितलं की तोंड वाकडं करतात, पण ज्या खोलीत माणसं जास्त, तिथल्या एसीचं पाणी जास्त. आणि त्या आतल्या खोलीत अजून कुणी झोपतही नव्हतं.

म्हणून मी भिंती तपासल्या. पलीकडे न्हाणीघर नव्हतं. वर गच्ची, आणि गच्चीवरची टाकी दुसऱ्या टोकाला. भिंतीवर हात फिरवला तर चुना पिठासारखा बोटांना लागला, इतकी कोरडी. फरशीचे सांधे बघितले. कपाट ओढून मागे बघितलं. तिथे एक जुनी टाचणी आणि कोळ्याचं वाळलेलं जाळं होतं.

"बिघाड काय आहे ते तरी सांगा," ताई दारात उभ्या होत्या. "बाबांना इथे आणू ना मी?"

"थोडं बघू द्या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

३

त्या दिवसापासून मला चैन पडेना. दुसऱ्यांच्या एसीखाली उभा असलो तरी आधी ट्रेमध्ये बोट घालून बघायचो. सगळीकडे गार. सगळीकडे चार थेंब. बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यात भुंगा शिरलाय. जा आणि एकदाचा काय तो छडा लावा, नाहीतर मला जेवण गोड लागणार नाही."

मग मी एक साधा उपाय केला. भर दुपारी आम्ही गेलो. आतली खोली मी कोपरा न् कोपरा बघितली, पलंगाखालीसुद्धा. एसी चालू केला. बाल्कनीचं दार आतून लावलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत गणवेशाच्या कापडाच्या चिंध्या गच्च कोंबल्या. आत कुणी नाही. बाहेरची हवा आत नाही. मोठ्या पाइपाला जोड देऊन त्याचं तोंड मी आधीच बाल्कनीतून वळवून बाहेरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आणलं होतं. बादली आमच्यासमोर ठेवली.

आम्ही बसलो. ताईंनी मशीन थांबवलं.

सुरुवातीला पाइपात जी ओल होती ती आली आणि पाणी आटलं. मला हायसं वाटलं. बारक्या म्हणाला, "बघा, उगाच..." आणि तेवढ्यात पाणी आलं.

धार नव्हती. थेंबही नव्हते. पाणी यायचं, थांबायचं. पुन्हा यायचं, पुन्हा थांबायचं. यायला लागायचा तेवढाच वेळ थांबायलाही. पंखा फिरताना कधी कधी असं होतं, ट्रे हलतो, पाणी हेलकावे खातं. मी स्वतःला तेच सांगत होतो. बादलीचा तळ दिसेनासा झाला. ताई पट्टी बोटांना गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. आणि मग माझं लक्ष बारक्याकडे गेलं. गुडघ्यांवर कोपरं टेकून तो बादलीकडे टक लावून बघत होता, तोंड अर्धवट उघडं, आणि त्याची छाती पाण्याबरोबर वर-खाली होत होती. पाणी आलं की श्वास बाहेर. थांबलं की आत.

"बारक्या!"

तो दचकला. "काय झालं?"

"काही नाही. बाहेर जाऊन गाडीतून टेप घेऊन ये."

टेपची गरज नव्हती. त्याला तिथून उठवायचं होतं, बस्स.

तो गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "मशीन चालू असतं तेव्हा मला काही जाणवत नाही. थांबवलं की वाटतं, आत कुणीतरी आत्ताच बोलायचं थांबलं."

मी पाण्याकडे बघितलं. बादली अर्धी भरली होती.

४

ताईंच्या वडिलांना आणलं तेव्हा आम्ही तिथेच होतो. मी मुद्दाम ती वेळ साधली होती. ताईंना सांगायचं होतं की अजून थोडे दिवस थांबा. पण दवाखान्याला खाट मोकळी करून हवी होती, आणि बाहेर असं ऊन होतं की जिन्याचा लोखंडी कठडा धरवत नव्हता. थांबायचं तरी कुठे?

चाकाच्या खुर्चीत बसलेला तो माणूस एके काळी चांगला धिप्पाड असणार. डावी बाजू लुळी पडली होती, ओठ एका बाजूला ओघळला होता, पण दाढी गुळगुळीत केलेली आणि शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ताई मला आधीच बोलल्या होत्या, ते जन्मभर एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचे. गणवेश घालून, स्टुलावर बसून. झटका आल्यापासून बोलणं जवळजवळ गेलं होतं. एखादा शब्द कधी तरी यायचा, तोही कुठला कुठे.

दवाखान्यातल्या माणसाने खुर्ची आतल्या खोलीकडे वळवली. दार उघडं होतं, एसी चालू होता, गादीवर नवी चादर घातलेली. उंबऱ्याशी येताच म्हाताऱ्याने चांगल्या हाताचा पंजा उभा धरला. आमच्याकडे नाही, खुर्ची ढकलणाऱ्याकडेही नाही. नुसता समोर.

"भरली," ते म्हणाले. अगदी स्पष्ट. "आता जागा नाही. पुढच्या फेरीला."

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! किती दिवसांनी एवढं बोलले! अहो बाबा, लिफ्ट नाही ही. तुमची खोली आहे."

खुर्ची पुढे गेली. म्हाताऱ्याने दाराची चौकट पकडली. लुळ्या अंगाच्या माणसात एवढी ताकद कुठून येते कोण जाणे. बारक्याने हळूच बोटं सोडवायचा प्रयत्न केला तर नखं पांढरी पडली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला जास्त खुपलं. एखाद्या भरलेल्या ठिकाणी घुसणं शोभत नाही, असा संकोच होता. त्यांनी आत बघून मान किंचित लववली, ओळखीच्या माणसांना आपण लववतो तशी.

"नका नेऊ आत," मी म्हणालो. "ताई, ऐका माझं. मी एसी बाहेरच्या खोलीत बसवून देतो. आत्ता. आजच्या आज."

"इथे? कापडाच्या ढिगात? दिवसभर मशीनची खडखड, येणारी-जाणारी माणसं..."

"राहतील ते. खडखडीने कुणी मरत नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग वडिलांच्या हाताकडे. मग त्या वाकल्या आणि भराभर निळे ढीग उचलून भिंतीशी लावायला लागल्या.

५

एसी उतरवायचा असेल तर आधी सगळा गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून घ्यावा लागतो, वॉल्व्ह बंद करावे लागतात, मग आतलं यंत्र भिंतीवरून निघतं. एक माणूस आत, एक बाहेर. मी बाल्कनीत गेलो. आत बारक्या स्टुलावर. मधलं काचेचं दार लावून घेतलं, कारण उन्हाची झळ आत जात होती.

बाल्कनीत भट्टी होती. वाकताना माझं कोपर काचेला टेकलं आणि चटका बसला, एवढी ती तापलेली. मी पान्याने पहिला वॉल्व्ह आवळला, दाबाचा काटा उतरायची वाट बघितली, दुसरा आवळला. कंबर सरळ करायला उभा राहिलो आणि समोर बघितलं.

काचेवर वाफ धरली होती.

सगळ्या काचेवर नाही. एक गोल, तोंडाएवढा. काचेला तोंड लावून कुणी 'हाऽ' करावा तसा. मी बघत असतानाच तो विरत गेला, पार दिसेनासा झाला, आणि त्याच जागी पुन्हा उमटला. मी तापलेल्या काचेला हात लावला. चटका बसलाच. अशा काचेवर वाफ धरत नाही. तुम्ही दिवसभर फुंकत बसा, धरणार नाही.

मग दुसरा दिसला, कमरेच्या उंचीवर. त्याच्या बाजूला तिसरा. आणि एक पार वर, चौकटीला लागून, जिथे तोंड पोहोचवायला बारक्यालाही स्टूल लागलं असतं. एक विरायचा तेव्हा दुसरा भरत असायचा. एकाचा ताल दुसऱ्याशी जुळत नव्हता. प्रत्येकाचा आपापला. मी जितकं बघत होतो तितके जास्त दिसत होते, डावीकडे, उजवीकडे, एकमेकांना खेटून, आणि त्या सगळ्यांच्या मागे, पुसट, हात वर करून स्टुलावर उभा असलेला माझा मेहुणा. त्याचे ओठ हलत होते. तो मान मागे वळवून, खाली बघून, काहीतरी गंमत सांगून हसला.

मी काचेवर थापा मारल्या.

सगळे गोल थांबले. विरले नाहीत, थांबले. कुणीतरी चाहूल लागून श्वास रोखून धरावा, तसे काचेवर तसेच राहिले, आणि मलाही श्वास घेता येईना.

मग मी दार सरकवलं. खोलीत बारक्या होता, पलंग होता, कपाट होतं. चादरीवर सुरकुती नव्हती.

"झालं का तुमचं? केवढ्याने ठोकताय, काच फुटेल!" बारक्या म्हणाला. "धरा इकडून, जड आहे."

आम्ही ते यंत्र उतरवून बाहेर आणलं. भिंतीतलं भोक मी सिमेंटने बुजवलं, वर पुन्हा एकदा बुजवलं. खोलीचं दार ओढून घेऊन बाहेरून कडी लावली आणि खालच्या फटीत पुन्हा त्या चिंध्या कोंबल्या. संध्याकाळच्या आत एसी बाहेरच्या खोलीत चालू होता, म्हातारा खाली टाकलेल्या गादीवर शांत झोपला होता आणि ताई पायाचा आवाज न करता कापड आवरत होत्या.

गाडीत बसल्यावर बारक्याने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. "ते स्टूल डुगडुगत होतं साफ," तो म्हणाला. "बरं झालं दाजी, तुम्ही आत येऊन धरलंत. नाहीतर आपटलो असतो."

मी गाडी चालू केली. यंत्र धरायला जाईपर्यंत बाल्कनीतून मी आत आलोच नव्हतो, आणि स्टुलाला तर मी हातही लावला नव्हता. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि अजूनही सांगितलेलं नाही.

६

नंतरचे दिवस बरे गेले. बाहेरच्या खोलीत एसीला पाणी येत नव्हतं. पाइपाच्या तोंडाशी तेच चार थेंब, आणि गार. मी तीनदा तरी काहीतरी निमित्त काढून जाऊन बघून आलो. ताईंचे बाबा भिंतीला टेकून बसायला लागले होते. मशीनच्या खडखडीत त्यांना उलट झोप लागायची.

माझी मात्र तगमग थांबत नव्हती. मी बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्यासारखी शंका काढत बसणारी नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग त्या बाईला तिथे कशाला राहू देताय?" दुसऱ्या दिवशी तिने ओळखीच्या एका बाईकडे शब्द टाकला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे झाड, मशीनला जागा. मी ते सांगायला ताईंकडे गेलो.

ताई घरातच होत्या, पण केसांत टाचणी नव्हती आणि मशीनवर झाकण घातलेलं होतं. आतल्या खोलीच्या दाराखालच्या फटीत अजून त्या चिंध्या होत्या. मी बूट काढायला वाकलो तेव्हा नजर तिकडे गेली. चिंधीचं मोकळं टोक बाहेर आलं, फरशीवर सपाट पडलं, मग आत ओढलं गेलं. पुन्हा बाहेर आलं. मी बूट पुन्हा पायात चढवले.

"ताई, हे घर सोडा," मी म्हणालो. "मला कारण विचारू नका, मला सांगता येणार नाही. बायकोने जागा बघितलीय. सामान बारक्या आणि मी हलवतो."

"कारण मी कुठे विचारलं?" त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता, घाबरलेला नव्हता. "बाबा झोपत नाहीत हो आता. सारखे दाराकडे बघतात. तुम्हीच ऐका."

म्हाताऱ्याने माझ्याकडे मान वळवली. त्यांना बराच वेळ लागला. ओठ जुळवायचे, पुन्हा सुटायचे.

"आत," ते म्हणाले. "त्यांना... गरम होतंय."

"कुणाला, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. मग त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी ओघळलं आणि ते चांगल्या हाताने अंगावरचं पांघरूण बाजूला ढकलायला लागले, स्वतःच गुदमरल्यासारखे.

"दिवसभर हेच," ताई म्हणाल्या. "स्वतः गारव्यात झोपायचं आणि दुसऱ्याला उन्हात ठेवायचं, हे त्यांच्याच्याने होत नाही. आयुष्यात कधी केलं नाही त्यांनी."

"ताई, ते दार उघडू नका."

"नाही उघडत."

"मला वचन द्या."

"नाही उघडत म्हटलं ना!" त्या चिडल्या. मग मऊ होऊन म्हणाल्या, "रविवारी या तुम्ही दोघं. सामान बांधून ठेवते."

मी जिना उतरलो तो जवळजवळ पळतच. खाली आल्यावर वर बघितलं. आतल्या खोलीच्या बाल्कनीचं काचेचं दार उन्हात लखलखत होतं. स्वच्छ होतं की नव्हतं, ते खालून सांगता येत नव्हतं.

७

रविवारच्या आधीच ताईंचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी दुकानात एक यंत्र उघडून बसलो होतो. फोन खांद्यात धरून मी हात पुसले.

"कशा आहात ताई? बांधाबांध झाली?"

"अहो, राहू द्या ते," त्या म्हणाल्या. आवाज इतका मोकळा होता की मला आधी बरंच वाटलं. "घर सोडायची काही गरज नाही. बाबा मस्त झोपतात आता. काल तर दोन घास जास्त जेवले. तुमच्या बायकोला माझ्याकडून सांगा, त्रास दिला म्हणून."

"मशीन चालू केलं का?"

"चालू आहे की."

खडखड ऐकू येत होती. मला वाटलं, फोनवर बोलता बोलताच शिवतायत.

"मी कशासाठी फोन केला," त्या म्हणाल्या, "हा एसी आता पुरत नाही हो. सगळं घर मोकळं केलं ना, दारं उघडी ठेवली, तर गार होतच नाही. मोठा बसवावा लागेल. लवकर द्याल का करून? फार उकडतंय."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. काहीतरी बोलायचं होतं. दार कुणी उघडलं, कधी उघडलं, बाबा कुठे आहेत. पण इतक्या वर्षांच्या सवयीने तोंड आपोआप चालतं. मोठा एसी मागितला की आम्ही पहिल्यांदा जे विचारतो, तेच माझ्या तोंडून निघालं.

"माणसं किती असतात खोलीत?"

"थांबा हं," ताई म्हणाल्या. "मोजून सांगते."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. मशीन चालूच होतं. ताई हळू आवाजात मोजत होत्या, शिवायच्या कापडाचे तुकडे मोजावेत तशा, एका लयीत, आणि थांबत नव्हत्या. मी ओरडलो, "ताई!" त्यांना ऐकू गेलं नाही. मोजणं आतल्या खोलीकडे गेलं आणि तिथून परत बाहेर आलं.

मग त्या मध्येच हसल्या.

"अहो, हलू नका ना मेल्यांनो," त्या म्हणाल्या, लाडाने रागावल्यासारख्या. "चुकलं माझं पुन्हा."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.